गॅस लागला, आता काय करू? केमिकल कंपनीतल्या लोकांचे आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

कोकणातल्या एका एमआयडीसीत, कंपनीच्या ओएचसीत म्हणजे आतल्या दवाखान्यात मी बावीस वर्षं ब्रदर म्हणून काम केलं. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण गॅस लागलेला माणूस डॉक्टरच्या आधी आमच्याकडे यायचा, आणि रिटायर झाल्यावरही फोन काही थांबलेले नाहीत, कधी रात्री दीडला कुणाची बायको, कधी गावाला सुट्टीवर गेलेला ऑपरेटर. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाच बसून लिहून काढतोय. आत्ता कुणाला गॅस लागलेला असेल तर पहिले दोन प्रश्न वाचा आणि गाडी काढा, बाकीचं नंतर.

थोडासाच गॅस लागला होता, आता एकदम बरं वाटतंय. घरी जाऊ का?

नको. कुठला गॅस ते कळल्याशिवाय तर अजिबात नको.

नायट्रेशन प्लांटवरचं एक पोरगं होतं, जेमतेम तेवीस वर्षांचं. सेकंड शिफ्टला रिॲक्टरवरून लाल धूर आला, ह्याने दोन-चार श्वास घेतले, दहा मिनिटं खोकला, पाणी प्यायला आणि मग हसायला लागला. मी म्हटलं थांब इथेच, तर सुपरवायझर म्हणाला काय झालंय त्याला, रिलिव्हर आलाय, जाऊ दे. आणि मी जाऊ दिलं. ही माझी चूक, अजून झोपेत आठवते. गेटबाहेर दोन वडापाव खाऊन तो रूमवर गेला, रात्री साडेतीनला रूमवरच्या दोघांनी त्याला बाईकवर मधे धरून आणलं तेव्हा ओठ निळे आणि तोंडाला गुलाबी फेस. नऊ दिवस व्हेंटिलेटर. वाचला, पण जिना चढताना आजही दम लागतो त्याला.

झालं काय, तर तो लाल धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. हा पाण्यात पटकन विरघळत नाही, म्हणून नाकाघशात फारसं झोंबत नाही, सरळ खाली फुफ्फुसाच्या फुग्यांपर्यंत जातो आणि तिथे हळूहळू ॲसिड तयार करत बसतो. माणसाला वाटतं सुटलो, आणि आत फुफ्फुसात पाणी भरायला सुरुवात झालेली असते. फॉस्जीनचंही हेच, वास म्हणे कापलेल्या गवतासारखा, काहींना तर बरा वाटतो तो वास! त्यामुळे बरं वाटतंय ह्या एका वाक्यावर मी कुणाला सोडायचं बंद केलं ते केलंच.

मग किती वेळ थांबायचं?

अमोनिया, हायड्रोक्लोरिक ॲसिडचे फ्यूम्स, हे लगेच झोंबणारे. डोळे, नाक, घसा पेटतो, माणूस आपोआप पळतो. ह्यांचा त्रास बहुतेक वेळा पहिल्या काही तासांतच दिसतो, पण आवाज बसला, गिळताना दुखतंय, श्वास घेताना घशात घरघर असा आवाज येतोय, तर घसा आतून सुजतोय, तेव्हा एक मिनिट घालवू नका.

क्लोरीन मधला. वरही जाळतो, खालीही उतरतो. जास्त लागला असेल तर रात्रभर तरी हॉस्पिटलात काढायची. फॉस्जीन आणि लाल धूर असेल तर निदान २४ तास देखरेखीखाली राहायचंच, डॉक्टर कधी ४८ तासही ठेवतात, आणि तेव्हा कटकट करू नका. पहिला एक्सरे चांगला येऊ शकतो, त्यावर भरवसा नाही, काही तासांनी परत काढतात.

आणि ह्या वेळात पडून राहायचं. खरंच पडून. वॉर्डात फेऱ्या मारणं, पार्किंगमधे जाऊन फोनवर बोलणं, जिना चढणं बंद. मेहनत झाली की फुफ्फुसात पाणी भरण्याचा वेग वाढतो, फॉस्जीनमधे तर हे फार दिसतं.

आधी कुबट वास येत होता, मग गेला. म्हणजे गॅस गेला ना?

हा प्रश्न ज्याने विचारला तो नशीबवान म्हणायचा. हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याचा वास. अगदी कणभर असला तरी नाकाला कळतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की वास घेण्याची शक्तीच मरते. म्हणजे वास गेला त्याचा अर्थ गॅस वाढला असाही असू शकतो. ५००-७०० च्या वर माणूस काही मिनिटांत कोसळतो, १००० च्या पुढे तर एक-दोन श्वासांत, हाक मारायलाही वेळ मिळत नाही.

हा फक्त केमिकल कंपनीत असतो असं समजू नका. ईटीपीच्या म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या टाकीत असतो, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत स्पेंट वॉश म्हणजे उरलेलं सांडपाणी साठवतात तिथे, बायोगॅसमधे, गटारात. सल्फाइडच्या पाण्यात चुकून ॲसिड गेलं तर जागच्या जागी तयार होतो. लुधियानाच्या गियासपुरात एप्रिल २०२३ मधे ११ माणसं गेली ती भर वस्तीत, आणि संशय गटारातल्या ह्याच गॅसवर होता.

नायट्रोजन तर हवेतच असतो, त्याने काय होणार?

हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की टाकीत उतरायचं नाही, असा नियम. नायट्रोजनने पर्जिंग केलेल्या, म्हणजे आतली हवा काढून नायट्रोजन भरलेल्या रिॲक्टरमधे ऑक्सिजन जवळपास शून्य असतो, तिथे नुसतं मॅनहोलमधून डोकं आत घालून बघितलं तरी माणूस आत पडतो. वास नाही, जळजळ नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही, कारण गुदमरल्याची भावना येते ती शरीरात कार्बन डायऑक्साइड साठला की, आणि इथे तो नेहमीसारखा बाहेर पडतच असतो. बल्ब विझावा तसा माणूस विझतो.

आमच्याकडे विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघायची पद्धत होती, कंदील विझला तर उतरायचं नाही. शहाणपणाचं होतं, पण कंदिलाला फक्त ऑक्सिजन कळतो, विषारी गॅस कळत नाही, आणि टाकीत मिथेन असेल तर कंदीलच सगळ्यांना घेऊन जाईल. फोर-गॅस मीटर (ऑक्सिजन आणि धोकादायक गॅस मोजणारं यंत्र) दोरीला बांधून वर, मधे आणि तळाशी तिन्हीकडे सोडायचा. नुसतं तोंडाशी धरून परमिटवर सही मारायची नाही.

मित्र टाकीत पडलाय. उतरू?

नाही.

मला कळतं हे लिहिणं सोपं आहे. समोर आपला माणूस पडलेला असतो, कधी सख्खा भाऊ, कारण कॉन्ट्रॅक्टर एकाच गावातली पोरं आणतो. पण पेपरात टाकीत तिघे गेले, चौघे गेले अशी बातमी येते ना, ती जरा नीट वाचा, पहिला कामाला उतरलेला असतो आणि उरलेले त्याला काढायला. दुसऱ्याला जे झालं ते तुम्हाला होणार नाही असं काहीही वेगळं तुमच्यात नाही.

ओरडा, अलार्म दाबा, हवेचा ब्लोअर आत सोडा (ऑक्सिजनचा सिलिंडर सोडू नका, आग लागते). उतरणाऱ्याला हार्नेस आणि लाईफलाईन बांधलेली असेल तर बाहेरूनच ओढा. नसेल तर बीए सेट (पाठीवर स्वतःच्या हवेचा सिलिंडर) घातलेला, ट्रेनिंग झालेला माणूसच आत जाईल. नाकावरचा कार्ट्रिजवाला मास्क चालत नाही, तो हवा गाळतो, ऑक्सिजन बनवत नाही. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर सीपीआर लगेच सुरू करा, पण सायनाइड किंवा हायड्रोजन सल्फाइडवाल्याला तोंडाने श्वास देऊ नका, अंबू बॅग (हाताने दाबून हवा द्यायची पिशवी) वापरा.

गॅस सुटला तर पळायचं कुठे?

वर विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी बघा. वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचं आणि मग वाऱ्याच्या उलट. गॅस मागून येतोय म्हणून वाऱ्याबरोबर पळाल तर तो तुमच्याच सोबत येणार. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड, तो खड्ड्यात, ट्रेंचमधे, तळघरात साठतो, तेव्हा उंचावर जा. अमोनिया हलका, वर जातो, पण लिक्विड अमोनिया गळत असेल तर थंडगार पांढरा ढग जमिनीलगतच पसरतो. बर्फाच्या कारखान्यात आणि मासळीच्या कोल्ड स्टोरेजमधे काम करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. आणि गळणाऱ्या क्लोरीनच्या टनरवर (मोठ्या सिलिंडरवर) पाण्याचा पाईप मारू नका, गळती वाढते.

कंपनी चालू असली तरच धोका असंही नाही. जुलै २०१० मधे मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरात क्लोरीन सुटला तो वर्षानुवर्षं बेवारस पडलेल्या सिलिंडरांतून, शंभराच्या आसपास माणसं हॉस्पिटलात गेली.

ओला रुमाल बांधून उपयोग होतो का?

बाहेर पडण्यापुरता, आणि पाण्यात विरघळणारा गॅस असेल तरच. भोपाळला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट सुटला, सुमारे ४० टन, आणि लोकांना ओल्या फडक्याने तोंड झाका एवढं साधं सांगणारंही वेळेवर कुणी नव्हतं. क्लोरीन, अमोनिया ह्यांना ओलं फडकं थोडं अडवतं. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनला काडीचा फरक पडत नाही. रुमाल बांधून व्हॉल्व बंद करायला जाणारे हिरो मी बघितलेत, पुढे त्यांना स्ट्रेचरवरही बघितलंय.

डोळ्यात गेला, अंगावर उडालं तर?

पाणी. निदान १५ मिनिटं घड्याळ लावून, अमोनिया किंवा कॉस्टिक असेल तर त्याहून जास्त वेळ, पापण्या बोटांनी उघड्या धरून. कुणीतरी धरावं लागतं, कारण माणूस डोळा मिटूनच घेतो. ॲसिडवर सोडा, अल्कलीवर लिंबू असले प्रयोग डोळ्यात करू नका. कपडे, बूट, बेल्ट सगळं काढा, लाज नंतर. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, नाहीतर ॲम्ब्युलन्समधे ड्रायव्हरलाही लागतो, झालंय असं.

हायड्रोफ्लोरिक ॲसिडचं प्रकरण वेगळं. त्वचेवर आधी काही दिसत नाही पण ते आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम खातं, हृदय बंद पडू शकतं. त्याला पाण्यानंतर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लागतं, आणि ते प्लांटवरच असायला हवं. तुमच्याकडे आहे का, एक्सपायरी झालेलं नाही ना, उद्या जाऊन बघा.

हॉस्पिटलात नेमकं काय करतात? अँटिडोट देत नाहीत म्हणून नातेवाईक चिडतात.

कारण बऱ्याच गॅसना अँटिडोट नाहीच. क्लोरीन, अमोनिया, फॉस्जीन, लाल धूर, ह्यात ऑक्सिजन, श्वासनळ्या उघडायला सालब्युटामॉलचं नेब्युलायझर, गरज वाटली तर स्टिरॉइड, पाणी भरलं तर बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) किंवा व्हेंटिलेटर, आणि फुफ्फुस स्वतः बरं होईपर्यंत वाट बघणं. क्लोरीनमधे काही डॉक्टर सोडा बायकार्बचं पातळ नेब्युलायझरही देतात. ॲंटिबायोटिक पहिल्याच दिवशी लागतं असं नाही, इन्फेक्शन झालं तर देतात.

सायनाइडला मात्र अँटिडोट आहे, हायड्रॉक्सोकोबालामिन, किंवा सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट. तो मिनिटांचा खेळ आहे, म्हणून सायनाइड वापरणाऱ्या कंपनीने किट स्वतःकडे आणि जवळच्या हॉस्पिटलात ठेवलं पाहिजे.

तुम्ही करायची गोष्ट एकच, गॅसचं नाव सांगा. केमिकलचा गॅस एवढंच सांगितलं तर डॉक्टर अंधारात. एमएसडीएसचा, म्हणजे केमिकलच्या सुरक्षेच्या माहितीचा कागद सोबत न्या, त्यातलं ४ नंबरचं सेक्शन फर्स्ट एडचं असतं. कागद सापडला नाही तर ड्रमवरच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढा. एवढ्या एका फोटोने माझ्या डोळ्यांसमोर दोन माणसं वाचलीत.

बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय, तरी डॉक्टर सोडत नाहीत.

फर्नेसजवळ काम होतं का? कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत क्युपोलावर (लोखंड वितळवायच्या भट्टीवर) असतं तसं? मग डॉक्टर बरोबर आहेत. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो आणि साध्या ऑक्सिमीटरला दोघांतला फरकच कळत नाही. त्याला ९८ दिसतं आणि माणूस उपाशी असतो, ऑक्सिजनचा उपाशी. खरा आकडा रक्ताच्या वेगळ्या तपासणीत कळतो.

साध्या हवेत हा गॅस निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून मास्क काढू नका, चहा पिण्यापुरताही नको. काही जणांना बरे झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं असं सुरू होतं, आणि घरच्यांना वाटतं दारू प्यायला लागला. परत न्यूरोकडे दाखवा.

कंपनी दूध आणि गूळ देते, त्याने गॅस निघून जातो का?

खा, चांगलं आहे, मीही खाल्लं. पण गूळ पोटात जातो आणि गॅस फुफ्फुसात, दोघांची गाठ पडत नाही. मला राग गुळाचा नाही, गूळ वाटला की स्क्रबर (बाहेर सुटणारा गॅस धुऊन काढणारं यंत्र) दुरुस्त करायचं काम पुढे ढकलता येतं ह्याचा आहे. आणि गॅस लागून घसा सुजला असेल, उलटी येत असेल तर तोंडाने दूध बिलकुल देऊ नका, श्वासनळीत जाईल.

चार महिने झाले, खोकला आणि दम जात नाही. डॉक्टर म्हणतात दमा. आमच्यात कुणालाच दमा नाही.

एकदाच पण जोरात गॅस लागल्यावर २४ तासांच्या आत सुरू झालेला आणि तीन महिन्यांहून जास्त टिकलेला दम्यासारखा त्रास, ह्याला रॅड्स म्हणतात. घराण्यात दमा असायची गरज नाही. मग अगरबत्ती, फोडणीचा ठसका, डिझेलचा धूर, थंड हवा काहीही सहन होत नाही. छातीच्या डॉक्टरकडे जाऊन पीएफटी करा, म्हणजे नळीत फुंकायची तपासणी. उपचार इन्हेलरचे, आणि इन्हेलरची सवय लागते हे डोक्यातून काढा. लाल धूरवाल्यांना दोन ते सहा आठवड्यांनी दुसऱ्यांदा दम लागायला लागला तर थांबू नका, बारीक नळ्या बंद व्हायला लागल्याची ती खूण असू शकते.

सिगरेट, बिडी? बंद. ह्यावर चर्चा नाही.

मोठा गॅस कधी लागला नाही, पण रोज थोडा थोडा वास येतो.

स्वतःवर एक साधी परीक्षा करा, रविवारी आणि सुट्टीत गावाला गेल्यावर बरं वाटतं आणि कामावर परत आल्यावर छाती भरते का? फोम आणि पेंटमधे टीडीआय वगैरे आयसोसायनेट असतात, त्यांची एकदा ॲलर्जी बसली की नंतर अगदी नखभर गॅसनेही दमा उठतो, मग मास्क बदलून भागत नाही, जागाच बदलावी लागते. पीक फ्लो मीटर स्वस्तात मिळतो, दोन-तीन आठवडे कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी फुंकून आकडे वहीत लिहा, डॉक्टरला ती वही शंभर तक्रारींपेक्षा जास्त सांगते.

मास्कबद्दल इथेच सांगतो. ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज अमोनियाला चालत नाही, लेबल वाचा. पाकीट फोडून लॉकरमधे टांगून ठेवलं की ते आपोआप संपत जातं. आणि दाढी असेल तर मास्क गालाला बसत नाही, ह्यावरून आमच्याकडे भांडणं झालीत, पण गॅसला त्याचं काही नसतं.

सुपरवायझर म्हणतो रजिस्टरला लिहू नको, खर्च कंपनी करेल. काय करू?

लिहा. कंपनी खर्च करतेही, पहिल्या बिलाचा. सहा महिन्यांनी दम लागला, कॉन्ट्रॅक्टर बदलला, मग तुम्ही त्या दिवशी ड्यूटीवर होता हेच सिद्ध करावं लागतं. ईएसआयसीत म्हणजे कामगार विमा योजनेत असाल (पगाराची मर्यादा २१,००० रुपये) तर अपघाताचा रिपोर्ट गेला पाहिजे, तीन दिवस किंवा जास्त कामावर जाता आलं नाही तर पगाराच्या साधारण ९० टक्के मिळतात, आणि त्यासाठी किती हप्ते भरलेत ते बघत नाहीत. ईएसआयसीत नसाल तर कामगार भरपाईचा कायदा आहे. धोकादायक प्रोसेसच्या कंपनीत वर्षातून एकदा मेडिकल आणि स्वतःचं हेल्थ रेकॉर्ड बघायचा हक्क भोपाळनंतर १९८७ मधे फॅक्टरी ॲक्टमधे घातला गेला. आता नवे लेबर कोड आलेत, कलमांचे नंबर बदललेत, पण रेकॉर्ड मागायला लाजू नका. कुणी ऐकत नसेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, लोक ज्याला डिश म्हणतात, तिथे लेखी तक्रार करता येते.

गटार किंवा सेप्टिक टँक साफ करताना माणूस गेला तर ३० लाख भरपाई द्यायची असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मधे सांगितलंय, हे त्या कामातल्या फार थोड्या घरांना माहीत असतं.

ओपीडीच्या कागदावर डॉक्टरला गॅसचं नाव, तारीख, वेळ आणि कामाची जागा लिहायला सांगा. नुसतं श्वासाचा त्रास असं लिहिलं असेल तर तिथेच परत खिडकीवर जा. त्या कागदाची झेरॉक्स रूमवर नको, गावी घरी पाठवा, रेशन कार्डाच्या पिशवीत राहू दे.